न कुजणाऱ्या जहाजांचे शिल्पकार : जमशेटजी वाडिया

युद्धनौकेला दोन आयुष्ये असतात. एक तिच्या सांगाड्याचे आणि दुसरे तिच्या लढाऊ उपयुक्ततेचे. दोन्ही एकाच वेळी संपली तर नौका मोडीत काढण्याबाबत कोणाचेही दुमत होत नाही. पण सांगाडा भक्कम असताना तोफा जुन्या झाल्या, किंवा नवी यंत्रे बसवावीत तर मूळचा सांगाडाच ती पेलण्यास असमर्थ ठरला, म्हणजे नौदलापुढे पेच उभा राहतो. नूतनीकरणावर पैसा घालावा की त्याच पैशात नवी नौका बांधावी? हा प्रश्न लोखंडाच्या युगातला वाटत असला तरी तो शिडांच्या काळातही तितकाच बिकट होता. मुंबईच्या गोदीतील एका पारशी कारागिराने तर तो आपल्या कर्तृत्वाने आणखी अवघड करून ठेवला. कारण त्याने बांधलेल्या जहाजांचे पहिले आयुष्य संपतच नव्हते. हे कारागीर म्हणजे जमशेटजी बमनजी वाडिया.

जमशेटजींचा जन्म १७५४ सालचा. वाडिया या आडनावाचा अर्थच जहाज बांधणारा असा आहे. त्यांचे आजोबा लवजी नसरवानजी हे मूळचे सुरतचे सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये त्यांना मुंबईस आणले. त्या वेळी मुंबई हे सुरतेच्या तुलनेत दुय्यम ठाणे होते. परंतु तिचे बंदर खोल, वाऱ्यापासून सुरक्षित आणि भरती-ओहोटीतील फरक मोठा असलेले होते. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी काढून दरवाजे बंद करायचे आणि कोरड्या जागेत जहाजाचा तळ उघडा करून काम करायचे, ही सुक्या गोदीची पद्धत येथे निसर्गतःच सोयीची होती. लवजींच्या देखरेखीखाली १७५० मध्ये मुंबईत पहिली सुकी गोदी उभी राहिली. पुढे तिला आणखी दोन गोद्यांची जोड मिळाली.

जहाजबांधणी ही कोकणाला नवी गोष्ट नव्हती. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची स्वतंत्र गोदी होती आणि आंगऱ्यांच्या गलबतांनी कंपनीच्या जहाजांना दीर्घकाळ सतावले होते. त्या संघर्षात जखमी झालेली कंपनीची जहाजे दुरुस्तीसाठी मुंबईलाच येत. म्हणजे वाडिया घराण्याचा उत्कर्ष झाला तो जितका नव्या जहाजांच्या बांधणीमुळे, तितकाच जुन्या जहाजांच्या दुरुस्तीमुळे. ही बाब जमशेटजींचे कार्य समजून घेताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

दुरुस्तीची शाळा

लवजींनंतर त्यांचे पुत्र माणेकजी आणि बमनजी यांनी गोदीची धुरा वाहिली. वाडिया घराण्यात मुलाला थेट अधिकाराच्या जागेवर बसवण्याची रीत नव्हती. हातात करवत आणि रंधा घेऊनच कामाला आरंभ होई. जमशेटजींनीही सामान्य सुताराप्रमाणेच सुरुवात केली. वडील बमनजी १७९० मध्ये आणि चुलते माणेकजी १७९२ मध्ये निवर्तले. त्यानंतर जमशेटजी आणि त्यांचे चुलतबंधू फ्रामजी माणेकजी यांची मुख्य जहाजबांधणीकार म्हणून नियुक्ती झाली. १८०४ मध्ये फ्रामजींचे निधन झाले आणि मुंबई गोदीतील बांधकामाची सारी जबाबदारी एकट्या जमशेटजींवर येऊन पडली. त्यांचे वय तेव्हा पन्नास होते.

एवढ्या वर्षांत त्यांच्या नजरेखालून नाना प्रकारची जहाजे गेली होती. गोदीत जहाज चढवले की त्याच्या तळावरील तांब्याचे पत्रे सोडवावे लागत. मग ठिकठिकाणी लाकूड टोकरून आत किती कीड पोहोचली आहे, खिळे किती गंजले आहेत, फासळ्यांचे सांधे किती ढिले झाले आहेत हे पाहावे लागे. बाहेरून धडधाकट दिसणारे जहाज आतून पोखरलेले निघे. काही फळ्या बदलून भागेल, की फासळ्यांपर्यंत जावे लागेल, की कणाच गेला आहे, हे मुख्य कारागिराने सांगायचे असे. फळ्या बदलणे ही दुरुस्ती झाली. फासळ्या बदलू लागलो की खर्च नव्या जहाजाच्या जवळ जाऊ लागतो. आणि कणा गेला तर मग त्या जहाजाला जुने म्हणण्यातही अर्थ उरत नाही. जीर्ण नौकेच्या नूतनीकरणाचा हिशेब आजही मुळात याच पायऱ्यांनी होतो. फरक इतकाच, की कण्याच्या आणि फासळ्यांच्या जोडीला आज बॉयलर, विजेच्या तारा आणि नळ्यांचे जाळे आले आहे.

सागवान आणि ओक

ब्रिटिश नौदलाला मुंबईची आठवण झाली ती गरजेपोटी. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडमधील ओकची जंगले झपाट्याने रिती होत होती. ७४ तोफांची एक मोठी युद्धनौका बांधायची तर दोन-एक हजार पूर्ण वाढलेले वृक्ष तोडावे लागत. शिवाय घाईघाईने बांधलेल्या जहाजांत पुरते न वाळलेले लाकूड वापरले जाई आणि ती थोड्याच वर्षांत कुजू लागत. ओकमध्ये आम्ल असते, त्यामुळे लोखंडी खिळे गंजतात आणि गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूड खराब होते. सागवानात नैसर्गिक तेल असते. ते लाकडाला पाण्यापासून आणि किडीपासून वाचवते आणि लोखंडालाही सांभाळते. मलबारच्या जंगलांतील सागवान समुद्रमार्गे मुंबईस येत असे.

कारागिरीचाही भाग त्यात होता. मुंबईच्या गोदीत एका फळीची कड दुसरीच्या खाचेत बसवून सांधा घट्ट करण्याची जुनी पद्धत होती. तिला वेळ अधिक लागे, पण सांध्यातून पाणी शिरण्याचा धोका कमी होई. जमशेटजी लाकडाची निवड स्वतः पारखून करीत. कंपनीने त्यांच्या कामावर प्रसन्न होऊन १८०४ मध्ये त्यांना चांदीची मोजपट्टी भेट दिली. कारागिराला त्याच्याच हत्याराची चांदीतील प्रतिकृती मिळावी, याहून समर्पक सन्मान कोणता असू शकेल?

तरीही ब्रिटिश नौदलाचा विश्वास संपादन करणे सोपे नव्हते. थेम्स नदीकाठच्या जहाजबांधणीकारांचा हिंदुस्थानी जहाजांना सक्त विरोध होता. आपला रोजगार जाईल ही त्यांची भीती उघड होती. कातडीच्या रंगाविषयीचा तिरस्कारही त्यात मिसळलेला होता. १८०० मध्ये कंपनीसाठी बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या फ्रिगेटविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. जमशेटजींनी त्या जहाजाच्या अंतर्भागातील एका तुळईवर, जेथे सहसा कोणाची नजर जाणार नाही अशा ठिकाणी, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले असल्याचा मजकूर गोऱ्यांच्याच शिवराळ शब्दांत कोरून ठेवला होता. बऱ्याच वर्षांनी जहाज गोदीत आले असता त्यांनी तो दाखवला, अशी ही कथा. तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला तरी तिच्यातील मनुष्यस्वभाव खरा आहे. आपले काम टिकणार आहे याची खात्री असलेला माणूसच अशी वाट पाहू शकतो.

मिंडेन ते ट्रिंकोमाली

१८०५ मध्ये ‘पिट’ ही ३६ तोफांची फ्रिगेट पाण्यात उतरली. पुढे ती ब्रिटिश नौदलात ‘साल्सेट’ म्हणून, म्हणजे आपल्या साष्टीच्याच नावाने, ओळखली गेली. मोठ्या नौकांसाठी १८०७ ते १८१० या काळात गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाची नवी गोदी बांधण्यात आली. १९ जून १८१० रोजी ‘मिंडेन’चे जलावतरण झाले. ब्रिटिश नौदलासाठी हिंदुस्थानात बांधलेली ही पहिली ७४ तोफांची युद्धनौका. तिच्यामागोमाग १८१३ मध्ये त्याच आकाराची दुसरी ‘कॉर्नवॉलिस’, १८१५ मध्ये ‘वेलस्ली’, १८१७ मध्ये ‘मेलव्हिल’ आणि १८१८ मध्ये ‘मलबार’ अशा नौका बाहेर पडल्या.

या कामाला दूरच्या युद्धाचे तडाखेही बसले. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ब्रिटिशांच्या ‘जावा’ या फ्रिगेटचा पाडाव केला. मुंबईत बांधावयाच्या नौकांचे नकाशे ‘जावा’वर होते. ते गेल्यामुळे ‘वेलस्ली’ ही नुकत्याच तयार झालेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या धर्तीवर बांधावी लागली. ‘ट्रिंकोमाली’ या फ्रिगेटचे नकाशे तर पुन्हा काढून मुंबईस पोहोचेपर्यंत १८१६ साल उजाडले. वाडियांच्या प्रथेप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकून तिच्या बांधणीचा शुभारंभ झाला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. बांधणीस सुमारे २३ हजार पौंड लागले. तिला इंग्लंडला नेण्यास ६,६०० पौंड आणि तेथे जाऊन साठवणीसाठी सज्ज करण्यास आणखी २,४०० पौंड खर्च आला. नेपोलियन तोवर पराभूत झाला होता. एप्रिल १८१९ मध्ये पोर्टस्मथला पोहोचलेल्या या नव्याकोऱ्या युद्धनौकेला करण्यासारखे काही कामच उरले नव्हते.

जमशेटजींचे निधन ३१ ऑगस्ट १८२१ रोजी झाले. ८४ तोफांची ‘गँजेस’ त्या वेळी गोदीत जवळजवळ पूर्ण झाली होती. नोव्हेंबरमध्ये तिचे जलावतरण झाले ते त्यांचे पुत्र नवरोजी यांच्या देखरेखीखाली. नवरोजींनी बांधलेली ‘एशिया’ १८२७ मध्ये नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याची निशाणनौका होती.

एक निर्णय यंत्राविना, दुसरा यंत्रासह

जमशेटजींच्या कामाची खरी परीक्षा त्यांच्या मृत्यूनंतर झाली. शांततेच्या काळात ब्रिटनकडे लढण्याच्या लायकीची आणि नालायक अशी शेकडो जहाजे नुसती नांगरून पडली होती. त्यांतील कोणती राखायची आणि कोणती मोडायची हा नौदल खात्यापुढचा वार्षिक प्रश्न होता. ओकची बहुतेक जहाजे कुजून तो परस्पर सोडवीत. सागवानी जहाजांबाबत मात्र तसे होत नव्हते.

‘ट्रिंकोमाली’ छत घालून सव्वीस वर्षे राखीव ठेवली होती. १८४५ मध्ये तिची पाहणी झाली तेव्हा सांगाडा ठणठणीत होता. पण ती जेव्हा बांधली गेली तेव्हाच्या फ्रिगेटी आता लहान आणि दुबळ्या ठरत होत्या. जुन्या तोफा तशाच ठेवून तिला समुद्रात धाडणे म्हणजे खलाशांचे प्राण धोक्यात घालणे होते. नौदलाने मध्यममार्ग काढला. तिच्या तोफांची संख्या २६ वर आणली, मात्र नव्या तोफा अधिक वजनदार गोळा फेकणाऱ्या होत्या. पिछाडीची रचना बदलली आणि तिचा दर्जा फ्रिगेटवरून कॉर्व्हेटवर उतरवला. वाफेची यंत्रे तोवर आली होती, पण ती तिला बसवली नाहीत. कागदावर हा निर्णय मागासलेला वाटेल. प्रत्यक्षात तिला जायचे होते ते उत्तर अमेरिका, वेस्ट इंडीज आणि नंतर पॅसिफिक महासागरात. तेथे कोळसा मिळणे दुरापास्त होते आणि यंत्र बसवले असते तर अन्नपाण्याची जागा कोळशाने व्यापली असती. १८४७ ते १८५७ अशी दहा वर्षे तिने ही कामगिरी चोख बजावली.

‘कॉर्नवॉलिस’ची कथा वेगळी आहे. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनने अफूच्या पहिल्या युद्धातील पराभवानंतर नानकिंगच्या तहावर सह्या केल्या त्या याच नौकेवर. क्रिमियाचे युद्ध सुरू झाले तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. बाल्टिक समुद्रातील उथळ पाण्यात रशियाच्या किल्ल्यांवर मारा करण्यासाठी ब्रिटनला नौका तातडीने हव्या होत्या आणि नव्या बांधण्यास वेळ नव्हता. म्हणून १८५५ मध्ये काही जुन्या जहाजांबरोबर ‘कॉर्नवॉलिस’लाही वाफेचे यंत्र आणि पंखा बसवण्यात आला व तोफा ६० वर आणण्यात आल्या. लाकडी जहाजात हे करणे नाजूक काम असते. पंख्याच्या दांड्यासाठी पिछाडीच्या मुख्य खांबाला भोक पाडावे लागते, यंत्राचे वजन एका जागी एकवटते आणि त्याच्या सततच्या थरथरीने सांधे सैल होऊ लागतात. कुजके जहाज हे सोसूच शकले नसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने स्वेबोर्गच्या किल्ल्यावरील तोफमाऱ्यात भाग घेतला. ज्या मर्यादित कामासाठी तिचे नूतनीकरण झाले होते ते काम तिने केले.

पण त्यापलीकडे ती जाऊ शकली नाही. १८५९ मध्ये फ्रान्सने चिलखती ‘ग्लॉयर’ आणि १८६० मध्ये ब्रिटनने लोखंडी ‘वॉरियर’ पाण्यात उतरवली आणि लाकडी युद्धनौकांचे युग एका झटक्यात संपले. लाकूड सागवानी आहे की ओकचे, या भेदाला आता अर्थ राहिला नाही. १८६५ मध्ये शीअरनेस येथे ‘कॉर्नवॉलिस’चा धक्का म्हणून वापर सुरू झाला. मोडली गेली ती १९५७ मध्ये, जलावतरणानंतर १४४ वर्षांनी.

या दोन निर्णयांतून निघणारा बोध आजच्या नौदलांनाही लागू आहे. नूतनीकरण फायद्याचे ठरते ते तीन गोष्टी जुळल्या तर : सांगाडा खरोखर निकोप असेल, नौकेला द्यावयाचे काम नेमके ठरलेले असेल आणि तेवढ्या कामापुरतीच सुधारणा केली जाईल. जहाज अजून टिकेल, हे नूतनीकरणाचे पुरेसे कारण नव्हे. शत्रू काय बांधतो आहे हे गोदीतला कोणताही कारागीर ठरवू शकत नाही, मग तो जमशेटजींच्या तोडीचा का असेना.

मुंबई बंदरात तोच प्रश्न

योगायोग असा, की वाडियांच्या गोदीच्या जागी आज भारतीय नौदलाची गोदी उभी आहे आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या विमानवाहू नौकेबाबत हाच प्रश्न याच बंदरात वारंवार उपस्थित झाला. ‘विक्रांत’च्या बांधणीस १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये आरंभ झाला. महायुद्ध संपल्यावर ती अर्धवट पडून होती. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली, तिला तिरकस धावपट्टी व वाफेचे प्रक्षेपक बसवून घेतले आणि १९६१ मध्ये नौदलात दाखल केले. १९७१ च्या युद्धापूर्वी तिच्या एका बॉयलरला तडे गेले होते. वेगावर मर्यादा घालून तरीही तिला बंगालच्या उपसागरात धाडण्यात आले आणि तिच्यावरील ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार व चितगाववर हल्ले चढवले. त्यानंतर १९७९ ते १९८२ या काळात तिची मोठी दुरुस्ती झाली आणि दशकाच्या अखेरीस ‘सी हॅरियर’ विमानांसाठी पुढच्या टोकाला चढती धावपट्टी बसवण्यात आली. नूतनीकरणाने तिला आणखी काही वर्षे दिली, पण १९९४ नंतर ती मोहिमेवर गेली नाही आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली.

‘विक्रमादित्य’चा अनुभव अधिक महागडा होता. रशियाची जुनी ‘गोर्शकोव्ह’ २००४ मधील करारानुसार फुकट मिळणार होती आणि नूतनीकरणाचा खर्च ९७ कोटी ४० लाख डॉलर ठरला होता. काम सुरू झाल्यावर जुन्या तारा आणि यंत्रणा अपेक्षेहून अधिक प्रमाणात बदलाव्या लागणार हे उघड झाले. खर्च २३५ कोटी डॉलरवर गेला. चाचण्यांत बॉयलरांनी दगा दिला आणि ताबा मिळेपर्यंत नोव्हेंबर २०१३ उजाडले. लाकूड टोकरून आत पाहिल्याशिवाय किंमत सांगू नये, हा गोदीतील जुना नियम येथे पाळला गेला नव्हता.

जतनाचा हिशेब

लढाऊ उपयोग संपल्यावरही एक निर्णय उरतो आणि तो जतनाचा असतो. ‘ट्रिंकोमाली’ १८९७ मध्ये भंगारात विकली गेली होती. व्हीटली कॉब या उद्योजकाने ती घेतली, ‘फूद्रॉयां’ असे नाव देऊन तरुणांच्या प्रशिक्षणासाठी वापरली आणि तसे काम तिने १९८६ पर्यंत केले. पुढे इंग्लंडमधील हार्टलपूल येथे दीर्घ परिश्रमांनी तिची पुनर्बांधणी झाली, १९९२ मध्ये तिला मूळचे नाव परत मिळाले आणि आज ती तेथे तरंगते संग्रहालय म्हणून उभी आहे. ‘वेलस्ली’ मात्र १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन बॉम्बला बळी पडली. तेव्हा तिचे वय १२५ होते. ‘विक्रांत’नेही मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून काढली. तिला कायमचे ठेवण्यासाठी लागणारा पैसा उभा राहिला नाही. सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला आणि २०१४ मध्ये मुंबईतच ती तोडण्यात आली.

जमशेटजींनी एकूण किती जहाजे बांधली, त्यांची बेरीज करण्यापेक्षा ती किती वेळा तपासली गेली आणि प्रत्येक वेळी सांगाड्याविषयीचा अहवाल काय आला, हे पाहणे अधिक बोलके आहे. त्यांच्या मृत्यूनंतर २४ वर्षांनी ‘ट्रिंकोमाली’ आणि ३४ वर्षांनी ‘कॉर्नवॉलिस’ गोदीत चढली. निर्णय घेणाऱ्यांना तोफांचा विचार करावा लागला, यंत्राचा करावा लागला, पैशाचा आणि शत्रूचाही करावा लागला. लाकडाचा विचार त्यांना करावा लागला नाही. तो मुंबईच्या या कारागिराने आधीच करून ठेवला होता. या शहराच्या शाळकरी मुलांना त्यांचे नाव ठाऊक असावे, एवढी अपेक्षा तरी अवाजवी ठरू नये.